हरिपूरची पेवे आणि हळदीचा रंग

सांगलीहून हरिपूरला जाणारा रस्ता जेमतेम तीन-चार किलोमीटरांचा. दोन्ही अंगांना चिंचेची जुनी झाडे, एका बाजूस कृष्णेचे पात्र, मधूनमधून मळे. नाट्यरसिकांना हे गाव ठाऊक आहे ते ‘संगीत शारदा’कार गोविंद बल्लाळ देवलांमुळे, भाविकांना ठाऊक आहे ते कृष्णा-वारणेच्या संगमावरील संगमेश्वरामुळे. व्यापारी माणूस मात्र हरिपूरचे नाव निघताच वेगळाच प्रश्न विचारतो : “पेवं अजून आहेत का?”

आहेत, पण थोडी. एके काळी या गावच्या जमिनीच्या पोटात हळदीचा मोठा साठा असे, वर मात्र माणसे निवांत चालत-फिरत. नोकरीच्या काळातील चार वर्षे मी सांगलीत काढली. शेतमालाच्या तारणावर कर्ज देणे हा आमच्या शाखेचा मोठा व्यवहार होता आणि त्यामुळे हळद हा माझ्या दृष्टीने केवळ स्वयंपाकघरातील पदार्थ कधीच राहिला नाही. गेल्या फेब्रुवारीत, नव्या हळदीची आवक सुरू झाली असताना, चार दिवसांसाठी पुन्हा तिकडे जाण्याचा योग आला. या वेळी हातात ना तपासणीचे कागद होते, ना शाखेत परतण्याची घाई. अन्नातील भेसळीविषयी वर्तमानपत्रांत रोज काही ना काही वाचावयास मिळते. परंतु भेसळ नेमकी कोठे शिरते आणि कोठे शिरू शकत नाही, हे समजून घ्यायचे तर एखाद्या जिनसामागे शेतापासून गिरणीपर्यंत चालत जावे लागते. हळद त्यासाठी उत्तम, आणि हळदीसाठी सांगली.

पेव म्हणजे काय, हे नव्या पिढीतील वाचकांसाठी सांगतो. नदीकाठच्या घट्ट मातीत साधारण वीस-पंचवीस फूट खोल खणलेला, तोंड अरुंद आणि पोट रुंद असा खड्डा. जमिनीत पुरलेला प्रचंड रांजणच म्हणा ना. आतील भिंती शेणामातीने लिंपावयाच्या, तळाला व कडेने उसाचा वाळलेला पाला घालावयाचा, आणि वाळवून तयार झालेली हळद आत भरून तोंड मातीने पक्के बंद करावयाचे. आत हवा उरते ती थोडी आणि तीही हळूहळू निकामी होते. प्राणवायूच नाही म्हटल्यावर कीड वाढणार कशी? कोणतेही औषध न फवारता, कोणतीही गोळी न ठेवता हळद वर्षानुवर्षे टिकते. पेव उघडले की लगेच कोणी आत उतरत नाही. काही तास तोंड उघडे ठेवतात, मग दोरीला कंदील बांधून आत सोडतात. कंदील विझला तर थांबावयाचे. पेटता राहिला तर माणूस उतरावयाचा. ही सावधगिरी न पाळल्याने जीव गमावल्याच्या घटना गावातील वृद्ध मंडळी अजून सांगतात.

मला पेवाचे कौतुक वाटते ते आणखी एका कारणाने. बंद केलेले पेव मध्येच कोणाला गुपचूप उघडता येत नाही. पोत्याचे तोंड उसवून पुन्हा शिवता येते, गोदामाच्या कुलपाची दुसरी किल्ली असू शकते. पण मातीने लिंपलेले तोंड फोडले तर साऱ्या गावाला दिसते. माल कोणाचा, कोणत्या सालचा, किती पोती, हे पेव भरतानाच ठरते आणि उघडेपर्यंत त्यात फरक पडत नाही. बँकेत आम्ही तारणाच्या गोदामाला आपले कुलूप ठोकत असू, बँकेच्या नावाची पाटी लावत असू आणि दरमहा मालाचे विवरणपत्र घेत असू. एवढे सारे करून आम्ही जे साधत होतो, ते हरिपूरकरांनी मातीच्या गोळ्याने साधले होते.

२००५ सालच्या महापुराने या व्यवस्थेचे कंबरडे मोडले. कृष्णेचे पाणी पेवांत शिरले. पुष्कळ हळद भिजून गेली, पेवे ढासळली, आणि व्यापाऱ्यांनी पुढे साठवणीसाठी गोदामे व शीतगृहे यांचा आश्रय घेतला. २०१९च्या ऑगस्टमधील पुराने सांगलीच्या बाजारपेठांतही पाणी आणले. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे मानाचा कागद हाती आला तेव्हा पेवे मात्र मोजकीच राहिली होती. संगमावर उभे राहून पात्राकडे पाहताना एक साधा प्रश्न मनात येतो. पुरात भिजलेली, काळवंडलेली, रंग उतरलेली हळद एखाद्या व्यापाऱ्याच्या पदरी पडली, कर्ज डोक्यावर आहे, हंगाम निघून चालला आहे. अशा वेळी त्या हळदीचे तो काय करील?

हा प्रश्न काल्पनिक नाही. आपल्या शेजारच्या बांगलादेशात त्याचे उत्तर एकदा फार भयंकर दिले गेले. १९८०च्या दशकात तेथे मोठा पूर आला, हळद ओली राहिली, निस्तेज झाली. तिला उजळपणा आणण्यासाठी हळकुंडांना पॉलिश करताना एक चमकदार पिवळी भुकटी लावण्यास सुरुवात झाली. ती भुकटी म्हणजे लेड क्रोमेट, शिशाचे एक संयुग. लाकडी सामानाला, खेळण्यांना, यंत्रांना देण्याच्या रंगात ते वापरतात. पूर ओसरला, पुढील वर्षांत चांगली हळद पिकली. पण उजळ हळकुंडाला अधिक भाव मिळतो हे एकदा कळल्यावर भुकटी काही गेली नाही. अडचणीतून आलेली युक्ती व्यापाराची रीत होऊन बसली, आणि ती तीसेक वर्षे टिकली.

ती उघडकीस कशी आली, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि ढाक्यातील आंतरराष्ट्रीय अतिसार संशोधन केंद्र यांचे संशोधक ग्रामीण भागातील गर्भवती स्त्रियांच्या रक्तातील शिशाचा शोध घेत होते. त्या भागात कारखाने नाहीत, मग रक्तात शिसे आले कोठून? माती, भांडी, डब्यांचे पत्रे, कीटकनाशके अशा एकेक गोष्टी तपासून पाहता पाहता माग हळदीपाशी येऊन थांबला. शिशाच्या अणूंचेही निरनिराळे प्रकार असतात. रक्तातील शिसे व हळदीतील शिसे यांची ही ठेवण जुळली. म्हणजे ज्या बाळंतिणीला आपण हळद घालून दूध देतो, जी हळद जखमेवर दाबतो, तीच पोटातील बाळाला विष पोहोचवीत होती. रक्तातील शिशाची कोणतीही पातळी निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांच्या मेंदूवर होणारा परिणाम तर पुढे भरून निघत नाही.

२०१९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाल्यावर बांगलादेशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जे केले ते मला अनेक मोठ्या देशांनी शिकावे असे वाटते. त्यांनी बाजाराबाजारांत इशाऱ्याची पत्रके लावली, वर्तमानपत्रांतून व दूरचित्रवाणीवरून लोकांना सांगितले, आणि ढाक्याच्या श्यामबाजार या मसाल्याच्या घाऊक पेठेत फिरते न्यायालय नेले. हातात धरता येईल अशा क्ष-किरण यंत्राने हळकुंडातील शिसे काही मिनिटांत तेथल्या तेथे दिसते. दोषी आढळलेल्या घाऊक व्यापाऱ्यांना त्याच ठिकाणी दंड झाला, माल जप्त झाला. २०१९ साली बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडत होते. २०२१ साली ते एकाही नमुन्यात सापडले नाही. गिरणी कामगारांच्या रक्तातील शिसेही उतरले. तीस वर्षांची रीत दोन वर्षांत मोडली, कारण तपासणी किरकोळ दुकानातील पुडीपाशी न करता जेथे साऱ्या मालाला एकाच दारातून जावे लागते, त्या दारापाशी केली.

आपण निश्चिंत राहावे अशी स्थिती मात्र नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशाच पाहणीत भारत, पाकिस्तान, श्रीलंका व नेपाळ येथील शहरांतून हळदीचे नमुने घेतले होते. पाटण्याच्या नमुन्यांत एका ग्रॅममागे १,००० मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे आढळले. आपल्या देशातील मर्यादा १० मायक्रोग्रॅमची आहे.

हे सारे मनात घेऊन मी दुसऱ्या दिवशी सकाळी सांगलीच्या मार्केट यार्डात गेलो. हंगामाचे दिवस, पोत्यांच्या थप्प्या, हमालांची लगबग, हवेत हळदीची धूळ. यार्डातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचा सदरा तासाभरात पिवळसर होतो. शेतकरी आपला माल अडत दुकानी आणतो. हळकुंडे निराळी, गड्डे निराळे, बारीक कणी निराळी. खरेदीदार एका दुकानातून दुसऱ्या दुकानात घोळक्याने फिरतात, पोत्याच्या तोंडातून मूठभर हळकुंडे उचलतात, एखादे कटकन मोडतात, आतला रंग पाहतात आणि बोली बोलतात. नीट वाळलेले हळकुंड मोडताना धातूसारखा आवाज येतो; ओलसर असेल तर ते वाकते, कुरकुरत नाही. राजापुरी हळदीचा आतला केशरी-पिवळा रंग ओळखायला नजर तयार व्हावी लागते. चार वर्षांत माझी थोडीफार झाली होती.

येथे अण्णांची भेट झाली. अण्णा आमच्या शाखेचे जुने खातेदार, दक्षिणेकडच्या जैन घराण्यातील, अडतीचा व्यवसाय तीन पिढ्यांचा. आता वय ऐंशीच्या घरात. दुकान मुलगा पाहतो, पण सौद्याच्या वेळी अण्णा गादीवर असतातच. मी बांगलादेशची हकीकत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली.

“साहेब, गिऱ्हाईक हळद डोळ्यानं खातंय,” ते म्हणाले. “जिभेपर्यंत पोचायच्या आधीच सौदा झालेला असतोय. तितनंच सगळं सुरू होतंय बघा.”

“म्हणजे चूक गिऱ्हाइकाची?”

“चूक कुणाची ते तुम्ही ठरवा. मी भाव कशाला मिळतोय ते सांगतो. वरच्या रंगाला भाव, आतल्या रंगाला कमी. मग माणूस वरचा रंगच बघणार की.”

काही वर्षांपूर्वी परप्रांतातील एका मोठ्या खरेदीदाराने अण्णांच्या मुलाकडे मागणी केली होती, की पॉलिश करताना ‘थोडा रंग चढवून’ माल पाठवावा; रंग आम्हीच देतो, तुम्ही फक्त ड्रमवाल्याला सांगा. मागणी मोठी होती. मुलाने वडिलांना विचारले. अण्णांनी भुकटीची पुडी मागवून घेतली, ओल्या बोटाने उचलून तळहातावर चोळली आणि ती तशीच त्या माणसाला परत केली. व्यवहार मोडला. ते गिऱ्हाईक पुढे परत आले का, असे मी विचारले. “न्हाई,” अण्णा म्हणाले, आणि चहा सांगितला.

पॉलिशच्या ड्रमाविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण हळदीच्या साऱ्या प्रवासातील नाजूक जागा तीच आहे. काढणीनंतर हळद शिजवतात, मग उन्हात पंधरा-वीस दिवस वाळवतात. वाळलेले हळकुंड खडबडीत, मातकट, मुळांचे तुसे चिकटलेले असे असते. ते जाळीच्या गोल पिंपात घालून फिरवले की एकमेकांवर घासून वरची साल निघते व हळकुंड गुळगुळीत होते. शेवटी पाण्यात कालवलेली हळदीचीच पूड शिंपडली की रंगही उजळतो. यात वावगे काही नाही. परंतु जेथे हळदीची पूड शिंपडता येते, तेथे दुसरेही काही शिंपडता येते. बांगलादेशात भुकटी शिरली ती नेमकी याच ड्रमात. शेतकऱ्याकडे ती नव्हती आणि किरकोळ दुकानदाराला तिची माहितीही नव्हती. मी ज्या ड्रमापाशी उभा राहिलो तेथे खाली पडणारी धूळ मातकट पिवळी होती. बाजूला बादलीत हळदीची पूड कालवलेली. चालवणाऱ्याला विचारले तर त्याने न बोलता बादलीत बोट बुडवून जिभेला लावून दाखविले. याहून सोपी तपासणी मला तरी ठाऊक नाही.

हळकुंड आहे तोवर फसवणुकीला जागा कमी असते. त्याची पूड झाली की दारे उघडतात. पुडीत तांदळाचे किंवा मक्याचे पीठ घालता येते, खडूची पूड घालता येते, आणि त्यामुळे फिकी पडलेली हळद पुन्हा पिवळी दिसावी म्हणून मेटॅनिल यलो नावाचा कापडाला देण्याचा रंग घालता येतो. म्हणजे पहिली भेसळ वजनासाठी व दुसरी भेसळ पहिली झाकण्यासाठी. हिशेबाच्या वहीत एक खोटी नोंद झाली की ती जुळवायला दुसरी करावी लागते, हे लेखापरीक्षण करणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही.

घरच्या घरी करता येण्याजोग्या परीक्षा आहेत. ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाकून न ढवळता ठेवावी. शुद्ध हळद तळाशी बसते आणि वरचे पाणी फिकट पिवळे राहते. रंग घातला असेल तर पाणी लगेच गडद पिवळे होते. अख्खे हळकुंड पाण्यात टाकून पाहावे. वरून लावलेला रंग तत्काळ सुटतो, हळकुंडाचा स्वतःचा रंग सुटत नाही. आम्लाची परीक्षा प्रयोगशाळेतच बरी. तीत शुद्ध हळदही आधी गुलाबी होते. पाणी घातल्यावर तो गुलाबी रंग जातो, मेटॅनिल यलोचा मात्र जात नाही. अर्धी परीक्षा पाहून चांगल्या मालाला नावे ठेवणारे पुष्कळ भेटतात. आणि हेही स्पष्ट सांगितले पाहिजे, की पुडीत मिसळलेले शिसे पाण्याच्या ग्लासाने खात्रीपूर्वक कळत नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवालच हवा. जो व्यापारी मोठ्या प्रमाणावर माल घेतो, त्याला प्रत्येक लॉटमागे हा खर्च जड नाही.

आपल्या वाचकांपैकी अनेकांची किराणा-मसाल्याची दुकाने आहेत, म्हणून कायद्याच्या दोन गोष्टी सांगतो. बाकीच्या आपला सल्लागार सांगेल. १९५४च्या भेसळ प्रतिबंधक कायद्याच्या जागी २००६चा अन्नसुरक्षा व मानके कायदा आला आणि त्याचा अंमल ५ ऑगस्ट २०११ पासून सुरू झाला. या कायद्यात दुकानदाराची जबाबदारी केवळ ‘मी मिसळले नाही’ एवढ्याने संपत नाही. आपल्याकडील खाद्यपदार्थ कोणत्या उत्पादकाकडून वा वितरकाकडून आला हे ज्याला सांगता येत नाही, तो विक्रेता कलम २७ प्रमाणे स्वतः जबाबदार ठरतो. याचा अर्थ असा, की बिलाविना स्वस्त मिळालेले पोते ही बचत नसून दुसऱ्याचा गुन्हा आपल्या अंगावर ओढून घेणे होय. दुसरी गोष्ट नमुन्याची. अधिकारी नमुना घेतो तेव्हा त्याचे चार भाग करतात; एक विश्लेषकाकडे जातो, दोन अधिकाऱ्याकडे राहतात, आणि चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवावा अशी मागणी दुकानदार करू शकतो. हा आपला हक्क आहे, आणि प्रामाणिक व्यापाऱ्याने तो नमुना घेतानाच लेखी मागावा. योग्य ती काळजी घेतली होती हे दाखविता येणे, हा या कायद्यात बचाव मानला आहे. पण दाखवायचे तर बिल, लॉटचा क्रमांक, पुरवठादाराचा परवाना आणि प्रयोगशाळेचा अहवाल फायलीत असावे लागतात. तोंडी विश्वासाला कोर्टात किंमत नाही. कर्जाच्या थकीत खात्यांवर आयुष्यातील बराच काळ घालविल्यानंतर मी हे लिहीत आहे.

यार्डातून परतताना अण्णांनी एक गोष्ट बोलून दाखविली आणि ती मला कायद्याच्या पुस्तकाइतकीच नेमकी वाटली. आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत खोटी वजनेमापे वापरणे, म्हणजे हीनाधिक मानोन्मान, हा एक. आणि एका वस्तूसारखी दिसणारी हलकी वस्तू तिच्यात मिसळून विकणे, म्हणजे प्रतिरूपक व्यवहार, हा एक. सहज वाटेल की भेसळ हा असत्याचा प्रकार आहे. आचार्यांनी ती चोरीत घातली आहे. चोराने आणलेला माल घेणे, तदाहृतादान, हाही त्याच यादीत आहे. बिलाविना आलेल्या पोत्याला याहून चपखल शब्द सापडणार नाही. “खोटं बोलण्यात समोरचा कमीत कमी ऐकत तरी असतोय,” अण्णा म्हणाले. “हळदीत कालवलेलं त्याला ऐकूसुद्धा येत न्हाई.”

आपल्या घरांत हळदीविषयी पूर्वापार काटेकोरपणा आहे, तो मुख्यतः कंदमुळाच्या विचाराने. ओली हळद वर्ज्य, वाळलेली चालते, हा नियम बहुतेक घरी ठाऊक आहे. दळलेल्या पिठाला मर्यादा असते हेही आपल्या आया-आज्यांना पाठ होते : थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. आज पाकिटावर जी ‘अमुक तारखेपूर्वी वापरा’ अशी सूचना छापलेली असते, ती ऋतुमानाप्रमाणे बदलत नाही. ही बदलत असे. या मर्यादेचा हेतू धार्मिक होता, परंतु तिच्यामुळे एक व्यवहारही आपोआप ठरून गेला होता : जिन्नस अख्खा घ्यायचा, डोळ्यांदेखत निवडायचा, आणि लागेल तेवढाच दळायचा. हळद वर्षाची घेतली तरी ती हळकुंडाच्या रूपात. पूड विकत आणणे ही गोष्ट आमच्या आईच्या काळी आळशीपणाची समजली जाई. पुढे घरे लहान झाली, दोघेही नोकरी-धंद्यात गुंतले, पुडीची सोय झाली. ते स्वाभाविक आहे आणि त्याला मी नावे ठेवणार नाही. पाकीट घ्यायचेच तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक, दळणाऱ्याचे नाव-पत्ता, लॉट क्रमांक आणि शक्य तर अ‍ॅगमार्कचे चिन्ह पाहून घ्यावे. सुटी, बिननावाची, भडक पिवळी आणि बाजारभावापेक्षा स्वस्त, या चारही गोष्टी ज्या हळदीत एकत्र येतील ती देवपूजेलाही नको.

सांगलीहून निघताना अण्णांकडून मी पाच किलो राजापुरी हळकुंडे घेतली. पोतडीवर त्यांनी शेतकऱ्याचे गाव, सौद्याची तारीख आणि दुकानाचा शिक्का असलेली चिठ्ठी शिवून दिली, न मागता. गाडी कऱ्हाड, सातारा करीत पुण्यास पोहोचेपर्यंत साऱ्या डब्यात मंद वास दरवळत होता आणि समोरच्या बाकावरील गृहस्थ दोनदा विचारून गेले, की हे कोठे मिळते. घरी चार दिवस कडक उन्हात हळकुंडे पुन्हा वाळविली, मग खलबत्त्यात ठेचून तुकडे केले आणि कांडपाच्या गिरणीत नेली.

मार्च-एप्रिलमध्ये या गिरण्यांपुढे रांग असते. सौ. तेथे गेल्यावर आधी एकच प्रश्न विचारते : “यापूर्वी काय कांडलंत?” आदल्या गिऱ्हाइकाचे तिखट निघाले असेल तर ती आपला नंबर मागे घेते. गिरणीवालाही आता सरावला आहे. तो स्वतःच यंत्र झटकून, आधी आमचीच थोडी हळद घालून जाते साफ करून घेतो. ती पहिली ओंजळभर हळद, जिच्यात आधीच्या जिनसाचे काही कण असतात, सौ. वेगळ्या कागदात बांधते. ती स्वयंपाकघरात जात नाही. रांगोळीच्या डब्यात जाते.